खनिज तेलाच्या उत्पादनाचा कल आणि शोधविहिरींच्या बातम्या कशा वाचाव्यात

२०२५ साली डहाणू आणि मालवणसमोरच्या अरबी समुद्रात तेलाचे प्रचंड साठे सापडल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर झळकल्या. या साठ्यांची व्याप्ती म्हणून त्यांत हजारो चौरस किलोमीटरचे आकडे दिलेले होते. जगातील सर्वांत मोठे मानले जाणारे सौदी अरेबियातील घवार हे तेलक्षेत्र सुमारे २८० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे तेही साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आतबाहेरच आहे. त्यामुळे कोकणाच्या समोर त्याच तोडीचा साठा लागला असता, तर ती बातमी आतल्या पानावर राहिली नसती. असे क्षेत्रफळ सहसा साठ्याचे नसते; शोधकार्यासाठी कंपनीला दिलेल्या ब्लॉकचे, म्हणजे आखून दिलेल्या प्रदेशाचे, असते. त्या ब्लॉकमधील बहुतांश भागात एकही विहीर खणलेली नसण्याची शक्यता मोठी असते.

उत्पादनाच्या आकड्यांबाबतही असाच घोटाळा होतो. उत्पादन वाढले की घटले, शोध लागला की केवळ परवाना मिळाला, साठा जमिनीखाली आहे की तो बाहेर काढता येणार आहे, या गोष्टी बातमीत एकमेकींत मिसळून जातात. त्या वेगळ्या कशा करायच्या, याची एक कामापुरती पद्धत येथे मुंबई हाय, राजस्थान आणि कृष्णा-गोदावरी खोरे यांच्या आधारे मांडली आहे. विद्यार्थी, पत्रकार आणि तेल कंपन्यांचे समभाग बाळगणारे गुंतवणूकदार अशा तिघांनाही ती वापरता येईल.

आधी एकक, मग दिवस

भारतात कच्च्या तेलाचे सरकारी आकडे वजनात, म्हणजे दशलक्ष टनांत, प्रसिद्ध होतात. कंपन्यांची निवेदने आणि परदेशी वृत्तसंस्था मात्र दररोज किती बॅरल, या हिशेबात बोलतात. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर आणि एक टन कच्चे तेल म्हणजे साधारण ७.३ बॅरल. तेल हलके असेल तर एका टनात थोडे अधिक बॅरल बसतात, जड असेल तर कमी. रोजच्या वापरासाठी एवढे लक्षात ठेवले तरी पुरते की वर्षाला एक दशलक्ष टन म्हणजे दिवसाला सुमारे २० हजार बॅरल. २०२४-२५ मध्ये देशाचे उत्पादन सुमारे २८.७ दशलक्ष टन होते, म्हणजे दिवसाला पावणेसहा लाख बॅरलच्या जवळपास.

तेल आणि वायू एकत्र करून दिलेल्या आकड्याबाबत विशेष सावध राहावे. ‘तेल आणि तेलसमतुल्य वायू’ अशा नावाने जो आकडा येतो, त्यात साधारणपणे एक हजार घनमीटर वायू हा एक टन तेलाच्या बरोबरीचा धरलेला असतो. एखाद्या कंपनीचे तेल घटत असेल आणि वायू वाढत असेल, तर हा एकत्रित आकडा चढता दिसतो आणि कंपनीचे निवेदन अर्थातच तोच पुढे करते. यात खोटे काही नसते, परंतु तेलाचा कल शोधणाऱ्याला त्यातून तेलाविषयी काहीही कळत नाही. म्हणून आपल्या तक्त्यात तेल आणि वायू यांचे रकाने पहिल्यापासून वेगळे ठेवावेत.

त्यानंतर दिवस मोजावेत. ही बाब क्षुल्लक वाटते, तरीही तिचे एक चांगले उदाहरण हाताशी आहे. २०२२-२३ मध्ये देशाचे उत्पादन २९.१८ दशलक्ष टन होते आणि २०२३-२४ मध्ये ते २९.३६ दशलक्ष टन झाले. अनेक वर्षांच्या घसरणीनंतर प्रथमच वाढ झाल्याचे त्यावरून सांगितले गेले आणि ते बरोबरही होते, कारण वाढ ०.६ टक्के होती. परंतु २०२३-२४ या आर्थिक वर्षात २९ फेब्रुवारी आलेला होता. दोन्ही वर्षांचे आकडे अनुक्रमे ३६५ आणि ३६६ दिवसांनी भागले की दैनिक उत्पादनातील वाढ ०.३४ टक्के उरते. म्हणजे या वाढीचा जवळपास निम्मा भाग पंचांगाने दिला होता. मासिक आकड्यांत तर फेब्रुवारी नेहमीच पडलेला दिसतो, म्हणून जानेवारीची तुलना फेब्रुवारीशी न करता मागील वर्षीच्या जानेवारीशी करावी. ताजे मासिक आकडे तात्पुरते असतात आणि पुढे दुरुस्त होतात, हेही ध्यानात ठेवावे.

एकूण आकडा फोडून पाहावा

देशाचा एकच आकडा पाहून कल सांगणे धोक्याचे आहे, कारण त्याच्या पोटात एकमेकांच्या उलट दिशेने जाणारी क्षेत्रे असतात. पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन आणि विश्लेषण कक्ष दर महिन्याला जे तक्ते प्रसिद्ध करतो, त्यांत ओएनजीसी व ऑइल इंडिया या दोन सरकारी कंपन्या आणि उत्पादन-वाटणी करारांखालील खासगी वा संयुक्त क्षेत्रे असे तीन भाग दिलेले असतात. हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या वार्षिक अहवालात खोरेनिहाय उत्पादन, खणलेल्या विहिरी आणि खोदकामाचे एकूण मीटर सापडतात. मंत्रालयाच्या मासिक उत्पादन निवेदनांत उद्दिष्ट का चुकले याची कारणेही दिलेली असत, आणि जुनी निवेदने चाळताना बहुतेक वाचक नेमका तोच भाग ओलांडून पुढे जातात. माझ्या मते त्या निवेदनांतील सर्वांत उपयुक्त ओळी त्याच होत, कारण एखाद्या फलाटाची (तेल काढण्यासाठी समुद्रात उभारलेल्या मंचाची) दुरुस्ती लांबली, विहिरींत पाण्याचे प्रमाण वाढले किंवा नवी तेलवाहिनी वेळेवर झाली नाही, हे तेथेच कळते.

राज्यनिहाय तक्त्यात राजस्थान, गुजरात, आसाम, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि अरुणाचल प्रदेश यांच्या ओळी असतात, महाराष्ट्राची नसते. देशातील निम्म्याच्या आसपास तेल समुद्रातून येते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा मुंबईच्या पश्चिमेकडील समुद्राचा आहे, तरी तो ‘समुद्रातील उत्पादन’ या वेगळ्या ओळीत मोजला जातो. हा फरक केवळ तक्त्यापुरता नाही, कारण जमिनीवरील तेलाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) राज्याला मिळते, तर समुद्रातील तेलाचे केंद्राला. उरणला तेल उतरते, म्हणून महाराष्ट्राला गुजरात किंवा आसामप्रमाणे त्याचे स्वामित्वधन मिळत असेल, असा समज अनेकांचा असतो; तो चुकीचा आहे. महाराष्ट्राच्या जमिनीखाली तेल का शोधत नाहीत, हा प्रश्नही वारंवार विचारला जातो. दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली गाळाचे जुने खडक आहेत आणि देशातील २६ गाळखोऱ्यांच्या यादीत या प्रदेशाची नोंदही आहे. मात्र या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, जाड थरांतून सर्वेक्षणासाठी जमिनीत सोडलेल्या सिस्मिक (कंपन) लहरींचे स्पष्ट चित्र मिळणे कठीण जाते आणि आजवर तेथे व्यापारी उत्पादन झालेले नाही.

घट दोन प्रकारची असते

तेलक्षेत्र कितीही मोठे असले तरी भूगर्भातील दाब कमी होत जातो, विहिरींत पाणी वाढते आणि प्रत्येक जुनी विहीर वर्षागणिक कमी तेल देऊ लागते. काहीही नवे केले नाही तर जी घट होईल, ती नैसर्गिक घट. नव्या विहिरी, पाण्याचे अंतःक्षेपण (दाब टिकवण्यासाठी खाली पाणी सोडणे), बाजूच्या दिशेने काढलेल्या शाखाविहिरी असे सर्व उपाय केल्यानंतर तक्त्यात जी दिसते, ती निव्वळ घट. आपल्याला तक्त्यात दुसरी दिसते, पण समजून घ्यायची असते पहिली.

देशाच्या आकड्यांवर हा हिशेब करून पाहावा. २०११-१२ मध्ये उत्पादन ३८.०९ दशलक्ष टनांवर पोहोचले होते. २०२४-२५ मध्ये ते २८.७ होते. तेरा वर्षांत सुमारे पाव हिस्सा गेला, म्हणजे चक्रवाढीने दरवर्षी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास निव्वळ घट झाली. आता समजा, जुन्या विहिरींची नैसर्गिक घट वर्षाला आठ टक्के आहे. तर २८.७ दशलक्ष टनांवर टिकून राहण्यासाठीसुद्धा दरवर्षी सुमारे २.३ दशलक्ष टनांचे नवे उत्पादन जोडावे लागेल. सरकारी निवेदनात ‘या वर्षी दोन दशलक्ष टनांची नवी क्षमता आली’ असे वाचायला मिळाले आणि एकूण उत्पादन तरीही घटले, तर त्यात विसंगती काहीच नाही. आठ टक्के हा येथे गृहीत धरलेला दर आहे. प्रत्येक क्षेत्राचा दर वेगळा असतो आणि तो काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे, ज्या वर्षांत त्या क्षेत्रात नवीन विहिरी फारशा खणल्या गेल्या नाहीत, त्या वर्षांतील उतार पाहणे.

मुंबई हाय हे या संघर्षाचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रणेने, तेथे तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. १९८५ मध्ये ते दिवसाला सुमारे ४.७ लाख बॅरलच्या शिखरावर होते. आज ते १.३ लाखांच्या आसपास आहे. आलेख मात्र एका सरळ उताराचा नाही. २००० नंतरच्या पुनर्विकास योजनांनी घसरण काही काळ थोपवून धरली, नंतर ती पुन्हा सुरू झाली. असा सपाट टप्पा दिसला की ‘क्षेत्र स्थिर झाले’ असे न म्हणता, त्या टप्प्यासाठी किती विहिरी आणि किती खर्च लागला, हे विचारावे.

राजस्थानमध्ये मंगला क्षेत्राचा शोध जानेवारी २००४ मध्ये लागला आणि ऑगस्ट २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील तेल मेणचट आहे, साध्या तापमानाला ते गोठते, म्हणून ते तापवलेल्या वाहिनीतून गुजरातकडे न्यावे लागते. देशाचे उत्पादन २००९-१० मधील ३३.७ दशलक्ष टनांवरून पुढच्या वर्षी ३७.७ वर गेले, तेव्हा ती वाढ प्रामुख्याने मंगला क्षेत्र असलेल्या बाडमेर जिल्ह्याची होती. म्हणजे ‘भारताचे उत्पादन वाढले’ या वाक्यातील भारत वास्तविक एका जिल्ह्याएवढा होता. पुढे राजस्थानने नऊ दशलक्ष टनांचा टप्पा ओलांडला आणि नंतर ते उत्पादन निम्म्याहून खाली आले. तेवढ्याने देशाच्या एकूण घसरणीचा मोठा भाग उलगडतो.

काही खळगे मात्र भूगर्भाचे नसतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबई बुडालेली असताना, दुसऱ्याच दिवशी मुंबई हाय नॉर्थ येथील फलाटाला ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज धडकले, आग लागली, फलाट नष्ट झाला आणि २२ जणांचा मृत्यू झाला. त्या वर्षी देशाचे उत्पादन ३४ दशलक्ष टनांवरून ३२.२ वर आले आणि पुढच्या वर्षी पुन्हा ३४ वर गेले. घट मोजताना अशी वर्षे वगळावीत. अन्यथा अपघाताचे वर्ष आरंभबिंदू धरून ‘झपाट्याने वाढ’ दाखवता येते, आणि कोणी तसे दाखवत असेल तर त्याचा हेतू ओळखावा.

विहिरींची जात ओळखावी

खोदकामाच्या बातमीत विहिरींची संख्या आली की त्यांतील शोधविहिरी किती, मूल्यमापन विहिरी किती आणि विकास विहिरी किती, हा पहिला प्रश्न. सर्वेक्षणात दिसलेल्या संभाव्य जागी तेल आहे की नाही हे पाहण्यासाठी शोधविहीर असते. तेल लागल्यावर साठा किती पसरला आहे हे ठरवण्यासाठी मूल्यमापन विहिरी खणतात. विकास विहिरी मात्र सापडलेले तेल बाहेर काढण्यासाठी असतात. एखाद्या कंपनीने वर्षाला शेकडो विहिरी खणल्या, पण त्यांतील बहुतांश विकास विहिरी असतील, तर ती कंपनी आजचे उत्पादन सांभाळत आहे; दहा वर्षांनंतरचे तेल तिने अजून शोधलेले नाही. याउलट शोधविहिरी कोरड्या निघाल्या म्हणून लगेच अपयशाचा शिक्का मारू नये, कारण कोरडी विहीरसुद्धा खडकांचे नमुने आणि माहिती देते, आणि नव्या खोऱ्यात पहिल्या काही विहिरी कोरड्या जाणे सर्वसामान्य आहे.

ब्लॉक मिळाल्याच्या बातमीचे वजन आणखी कमी धरावे. १९९९ पासूनच्या परवाना धोरणात आणि २०१६ नंतरच्या नव्या धोरणात कंपन्या ठरावीक काम करण्याची हमी देऊन ब्लॉक घेतात, आणि त्या हमीत सुरुवातीला बहुधा सर्वेक्षणच असते. नव्या धोरणाच्या पहिल्या फेरीत २०१८ साली ५५ ब्लॉक दिले गेले, त्यांतील ४१ एकट्या वेदांता या खासगी कंपनीला मिळाले. त्या वर्षाच्या बातम्यांतील उत्साह आणि त्यानंतरची देशाच्या उत्पादनाची रेषा शेजारी ठेवून पाहावी.

शोध आणि उत्पादन यांच्यात किती काळ जातो, यासाठी आपल्याकडचीच उदाहरणे पुरेशी आहेत. मुंबई हायला जेमतेम सव्वादोन वर्षे लागली, परंतु तेथे समुद्राची खोली ७५ मीटरच्या आसपास होती आणि १९७३ च्या तेलसंकटामुळे घाईही होती. मंगलाला साडेपाच वर्षे लागली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील ९८/२ हा खोल समुद्रातील ब्लॉक ओएनजीसीने २००५ मध्ये घेतला आणि त्यातून पहिले तेल जानेवारी २०२४ मध्ये आले. म्हणून शोधाची बातमी वाचताना समुद्राची खोली आणि जवळची वाहिनी किंवा फलाट किती अंतरावर आहे, हे पाहावे. जुन्या क्षेत्राशेजारचा लहानसा शोध काही वेळा दूरच्या मोठ्या शोधाच्या कितीतरी आधी तेल देतो. पश्चिम समुद्रात पावसाळ्याचे महिनेही हिशेबात धरावे लागतात, कारण खवळलेल्या दर्यात पायांवर उभी राहणारी रिग एका जागेवरून दुसरीकडे हलवणे जोखमीचे असते. उघडिपीच्या महिन्यांत सर्वेक्षणाची जहाजे येतात तेव्हा मासेमारीही चालू असते. पालघर-डहाणूकडच्या मच्छीमारांचा या सर्वेक्षणांना असलेला विरोध त्यातूनच आलेला आहे.

काही विश्लेषक रिगांची संख्या पाहून उत्पादनाचे भाकीत करतात. अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये तेलासाठी खोदणाऱ्या रिगांची संख्या १,६०९ होती आणि मे २०१६ मध्ये ती ३१६ पर्यंत घसरली, म्हणजे पाच रिगांपैकी चार थांबल्या. उत्पादन मात्र दिवसाला सुमारे ९६ लाख बॅरलवरून ८५ लाखांच्या आसपासच उतरले, कारण उरलेल्या रिगा सर्वांत चांगल्या जागी आणि अधिक वेगाने खोदत होत्या. भारतात तर रिगांची संख्या बरीचशी सरकारी कंपन्यांच्या निविदांवर ठरते, त्यामुळे येथे हा निर्देशांक आणखी कमी उपयोगाचा आहे.

साठ्याच्या आकड्याआधीचा शब्द पाहावा

साठ्याचा आकडा ऐकताना त्याआधी कोणता शब्द आहे, तो आधी पाहावा. संभाव्य संसाधन म्हणजे विहीर न खणता सर्वेक्षणावरून केलेला अंदाज. भूगर्भात असलेले एकूण तेल किंवा वायू म्हणजे विहिरीनंतर काढलेला अंदाज, आणि त्यातील मोठा भाग कधीच वर येत नाही. सिद्ध साठा म्हणजे आजच्या तंत्राने आणि आजच्या किमतीत फायदेशीरपणे काढता येईल, असे मानलेले प्रमाण. या तिन्हींत अनेक पटींचा फरक असू शकतो.

गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूसाठ्याबाबत २००५ मध्ये २० ट्रिलियन घनफुटांचा आकडा जाहीर झाला होता. तेथे काढता येण्याजोगा वायू त्याच्या लहानशा अंशाइतकाच असल्याचे पुढे दिसून आले, महामंडळ कर्जात गेले आणि अखेर २०१७ मध्ये ओएनजीसीने त्यातील ८० टक्के हिस्सा विकत घेतला. त्याच खोऱ्यातील रिलायन्सच्या डी-६ ब्लॉकने २०१० मध्ये दिवसाला सुमारे सहा कोटी घनमीटर वायू दिला आणि नंतर तीन वर्षांत तो दीड कोटीच्या खाली आला. पुरेशा विहिरी खणल्या नाहीत हा सरकारचा आक्षेप होता, तर भूगर्भ अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचा निघाला हे कंपनीचे म्हणणे होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या समुद्रात ऑइल इंडियाच्या श्री विजयपुरम-२ या विहिरीत नैसर्गिक वायू सापडल्याचे जाहीर झाले. समुद्राची खोली २९५ मीटर, वायूत ८७ टक्के मिथेन आणि चाचणीच्या वेळी मधूनमधून पेटलेली ज्योत, असा तपशील त्यासोबत आला. यातील ‘मधूनमधून’ हा शब्द अधोरेखित करावा, कारण त्याचा अर्थ असा की वायू आहे हे सिद्ध झाले, तो सलग आणि पुरेशा दराने वाहतो हे अजून सिद्ध व्हायचे आहे. अंदमान भारताचे गयाना (दक्षिण अमेरिकेतील नवा तेलउत्पादक देश) ठरू शकते, असे मंत्र्यांचे विधान याआधीच आलेले होते. गयानात लिझा-१ या विहिरीत २०१५ मध्ये तेल लागले, त्यानंतर तीसहून अधिक शोध लागले आणि पहिले उत्पादन डिसेंबर २०१९ मध्ये झाले. एका वायूविहिरीची तुलना त्याच्याशी करणे आज घाईचे आहे.

मुंबई हायची ‘४४ टक्के वाढ’

हे सर्व एका ताज्या बातमीवर लावून पाहता येते. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीची तंत्रसेवा पुरवठादार म्हणून निवड केली. करार दहा वर्षांचा आहे आणि तेलाचे उत्पादन ४४ टक्क्यांपर्यंत वाढेल, असे सांगितले गेले. शीर्षके वाचणाऱ्याला वाटेल की आजचे १.३४ लाख बॅरल पुढे १.९ लाखांवर जातील.

परंतु ४४ टक्के कशाच्या तुलनेत, हे विचारले की आधाररेषा समोर येते. ही आधाररेषा आजच्या उत्पादनाची नाही. काहीही नवे केले नाही तर दहा वर्षांत जे तेल निघेल, त्याची आहे, म्हणजे वर सांगितलेल्या घसरणीची. ती दहा वर्षांसाठी एकूण सुमारे ४५ दशलक्ष टन धरली आहे आणि बीपीच्या साहाय्याने ती सुमारे ६५ दशलक्ष टन होईल, असा अंदाज आहे. दहाने भागले की आधाररेषा वर्षाला सरासरी साडेचार दशलक्ष टन आणि सुधारित उत्पादन सरासरी साडेसहा दशलक्ष टन निघते. आजचे दिवसाचे १.३४ लाख बॅरल वर्षाच्या टनांत मांडले, तर तेही साडेसहा दशलक्ष टनांहून किंचित अधिकच भरते. याचा अर्थ ही वाढ पूर्ण साध्य झाली, तरी मुंबई हाय दहा वर्षे सरासरीने आजच्याच पातळीवर राहील. पन्नाशी गाठलेल्या क्षेत्रासाठी ते मोठे यश असेल. मात्र वार्षिक तक्त्यात ४४ टक्क्यांची उडी शोधणाऱ्याला ती दिसणार नाही. करारानुसार बीपीला पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि त्यानंतर आधाररेषेवर मिळालेल्या अतिरिक्त उत्पादनातील हिस्सा मिळायचा आहे. त्यामुळे दर तिमाहीचा आकडा आला की तो मागील तिमाहीशेजारी आणि आधाररेषेशेजारी असा दोन वेगळ्या रकान्यांत लिहावा.